काठी कुठल्या हातात

"काय गो बाय, काठी चुकीच्या हातात धरलीस!"

२०२२च्या मार्चअखेरीपासून पुढचे तीनेक महिने हे वाक्य मी बोर्लीत रोज ऐकलं. मासे घेऊन येणारी मावशी, दूध घालणारा दादा, बाबांचे मित्र, एस.टी.ची वाट बघत उभे असलेले अनोळखी काका. एकदा तर बाइकवरून पुढे गेलेला एक मुलगा वळून परत आला, मला हे सांगितलं आणि गेला. सगळ्यांचं म्हणणं एकच : उजवा पाय दुखतोय, तर काठी उजव्या हातात हवी. मी ती डाव्या हातात धरायचे.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तरफ होती, आठवतेय? टेकू, भार, बल. आपण एका पायावर उभे राहिलो की त्या बाजूचा खुबा टेकू होतो. त्याच्या आतल्या बाजूला सगळ्या शरीराचा भार असतो. बाहेरच्या बाजूला काही स्नायू असतात, ते हा भार तोलून धरतात. पण त्यांची तरफ आखूड, त्यामुळे त्यांना भारापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. सगळं मिळून सांध्यावर दाब येतो तो आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट. दर पावलाला. आता काठी विरुद्ध हातात धरली तर ती टेकूपासून लांब पडते. तरफ लांब, म्हणजे थोड्या जोरात बरंच काम. दुखऱ्या बाजूलाच धरली तर नुसतं अंग त्या बाजूला कलतं आणि आपण लंगडायचे ते लंगडतोच.

पहिल्या आठवड्यात मी हे दोघा-तिघांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण तुला झालंय काय नक्की?"

तिथे माझी गाडी अडायची. कारण मला नक्की काय झालंय ते कुणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

•

शाळा बोर्लीत, डिग्री लोणेऱ्याच्या 'बाटू'तून, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून, आणि नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. आमच्या भागातल्या पुष्कळ मुलामुलींचा हाच रस्ता असतो. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला. मी सव्वीस वर्षांची होते. नऊ दिवस ऑक्सिजनवर काढले. त्यात स्टेरॉइड दिली गेली, घरी आल्यावरही काही दिवस गोळ्या चालू होत्या.

स्टेरॉइड दिली हे चुकलं असं मी म्हणणार नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले होते. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक पंचमांशाने कमी झाले होते. माझ्या समोरच्या खाटेवरची बाई वाचली नाही. मी वाचले. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा राग मला कुणावर काढता येत नाही, आणि राग काढायला कुणीच नसणं ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

ऑगस्टमध्ये उजव्या जांघेत दुखायला लागलं. घरून काम चालू होतं, डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर दिवसाचे दहा तास. खुर्चीला दोष दिला. नवी खुर्ची घेतली. मग एका डॉक्टरांनी स्नायू आखडलाय म्हणून सांगितलं, एक्स-रे स्वच्छ आला. दुखणं गुडघ्यापर्यंत उतरलं, जिने चढताना मी कठडा धरायला लागले. डिसेंबरात एमआरआय झाला तेव्हा नाव कळलं : अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक आणि मोजक्या. रक्त तुटलं की हाड मरतं. मेलेलं हाड काही महिने आपलं वजन तसंच पेलत राहतं, मग खचतं. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. स्टेरॉइड हे याचं एक माहीत असलेलं कारण. दुसरं दारू, आणि त्यावरून मला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी आईसमोर प्रश्न विचारले.

त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉ. संजय अगरवाला यांनी सहकाऱ्यांबरोबर 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशा तीन रुग्णांची हकिगत छापली होती. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघांनाही कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेली. एरवी स्टेरॉइडनंतर हे दुखणं दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं; या तिघांना कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत दिसलं होतं. लवकर कळल्यामुळे त्यांच्यावर औषधांनी उपचार करता आले. मी हे वाचलं तोवर माझा उजवा गोळा खचला होता. डाव्यात सुरुवातीची खूण होती. डाव्याला गोळ्या आणि दर सहा महिन्यांनी एमआरआय, उजवा बदलायचा.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभी केली, दुखलं, रडले. आता माझ्या खुब्यात टायटॅनियमची वाटी आहे, तिला आतून प्लॅस्टिकचं अस्तर आहे आणि त्यात सिरॅमिकचा गोळा फिरतो. गोळा गुलाबी आहे. त्या सिरॅमिकमध्ये क्रोमियम ऑक्साइड असतं, त्याचा तो रंग. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

•

टाके निघेपर्यंत ठाण्याला काकांकडे राहिले, मग बोर्लीला निघालो. गाडीची पुढची सीट मागे सारलेली, खाली दोन उश्या, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तासाला उतरून चार पावलं. वडखळ, कोलाड, माणगाव, म्हसळा. एरवी याच रस्त्यावर मला एस.टी.त ढाराढूर झोप लागते.

घरी बाबांनी तयारी करून ठेवली होती. पहिले तीन महिने खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नव्हता. त्याहून वाकलं तर गोळा वाटीतून निसटू शकतो. बाबांनी नव्वद अंश हे फार मनावर घेतलं. माझ्या खाटेखाली चार चिरे लावून ती उंच केली. संडासात कमोड बसवला, त्यावर आणखी चार इंचांची बैठक. आणि मी खुर्चीवर बसले की सुताराचा गुण्या घेऊन माझी मांडी आणि पाठ यांच्यातला कोन बघायचे. "पंच्याऐंशी असेल. पुढे वाकू नकोस." हा माणूस सुपारीची वाडी करतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या किनाऱ्यावर जे केलं त्यात वाडीतली बहुतेक झाडं एका दुपारी आडवी झाली, घरावरची कौलं उडाली. बाबांनी पुन्हा रोपं लावली. सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्यामुळे थांबायची सवय त्यांना माझ्याआधीपासून होती. मला नव्हती.

आमच्या घरात सगळं जमिनीवर आहे, हा शोध मला सत्ताविसाव्या वर्षी लागला. विळी जमिनीवर, पाट जमिनीवर, देव्हारा गुडघ्याएवढा, चार्जिंगचं सॉकेटसुद्धा खाली. हातातून चमचा पडला तर हाक मारायची. पाय एकमेकांवर टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये जाड उशी. उजव्या पायाच्या बोटांपर्यंत माझा हात पोचत नव्हता. त्या पायाची नखं तीन महिने आईने कापली.

आणि आईनेच ठरवलं की लोकांना सांगायचं, पाय घसरून पडली, हाड मोडलं, रॉड टाकलाय.

"हाड मोडलं म्हटलं की लोक म्हणतात जुळेल. खुबा बदलला म्हटलं की म्हणतील, अरे देवा. आणि तुझं लग्नाचं बघतोय."

मी भांडले नाही. मला मोठेपणा घेता येणार नाही, कारण ते मलाही सोयीचंच होतं. हे म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशन. ऑफिसातही मी 'फ्रॅक्चर'च सांगितलं होतं.

•

चौथ्या दिवशी मागच्या आळीतल्या आजी आल्या, पोह्याची मिरगुंडं घेऊन. काठी टेकत आत आल्या, उंच खुर्ची शोधून तिच्यावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चिऱ्यांवरच्या खाटेकडे बघितलं, उशीकडे बघितलं. जाताना "जरा संडासात जाऊन येते" म्हणाल्या. तो कमोड बघण्यासाठी होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाच्या हाती लांब दांड्याचा एक चिमटा पाठवला. संध्याकाळी स्वतःही आल्या. आई पाणी आणायला आत गेल्यावर मला म्हणाल्या, "हे खाली पडलेलं उचलायला. रॉडवाल्यांना लागत नाही. आपल्याला लागतं."

आपल्याला.

आजींचे दोन्ही गुडघे २०१४ साली बदललेले. त्यांच्या दृष्टीने या सगळ्याची सुरुवात वाजपेयींपासून होते. ऑक्टोबर २०००मध्ये पंतप्रधानांचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. (मी नंतर शोधलं : सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्या मंडळींनी आजच्या धर्तीचा कृत्रिम गुडघा घडवला त्यांत हेच राणावत होते.) "ते टीव्हीवर चालताना बघितले तेव्हाच मनात आलं," आजी म्हणाल्या. "पण मग हे म्हणाले एवढा खर्च, मुलगा म्हणाला पुढच्या वर्षी, मी म्हटलं बाग कोण बघेल. चौदा वर्षं दुखणं पोसलं. बाईमाणसाचा गुडघा, त्याला कोण विचारतो."

आमची साडेचारची शिफ्ट तेव्हा सुरू झाली. माझी फिजिओथेरपिस्ट मुंबईहून व्हिडिओ कॉलवर असायची. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, म्हणून खाट तिथे हलवली. मी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलायचे. वाचायला सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी माझा पाय एक इंचसुद्धा हलला नाही. मी मनापासून हुकूम सोडत होते आणि पाय ढिम्म. कोड चालत नसेल तर निदान एरर येते. इथे तीही नाही. आजी खुर्चीवर बसून स्वतःचे गुडघे सरळ करत मोजायच्या. मी तीनवर थांबले की त्या "चार" म्हणायच्या आणि वाट बघायच्या. माझी एक एक्सेल शीट होती : पावलं, अंश, किती वेळा, दहापैकी किती दुखलं. आजींनी तिच्याकडे एकदा बघून विचारलं, "यात झोप कुठे लिहितेस? झोप लागली का ते लिही. पहिले दोन महिने झोपच नसते. आणि कुणी सांगत नाही." मला वाटत होतं रात्री जागी राहणारी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी एक रकाना वाढवला.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा नियम मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्या म्हणाल्या, "माझे दोन्ही केलेले. मी काय करू?"

रात्री झोप नव्हती म्हणून मी माझ्या अंगात बसवलेल्या यंत्राबद्दल वाचत बसायचे. जॉन चार्न्ली नावाचा इंग्लिश सर्जन आणि त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांची गोष्ट मी आजींनाही सांगितली. चार्न्लीने पन्नाशीच्या दशकात टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण खूश होते. काही वर्षांतच टेफ्लॉन झिजलं, भोवतालच्या पेशींना त्याच्या कणांचा त्रास झाला, सांधे परत उघडावे लागले. मग मे १९६२मध्ये एक विक्रेता एका नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या मागांमध्ये त्याची दातेरी चाकं वापरत. चार्न्लीने त्यात अंगठ्याचं नख रुतवलं आणि हे काय टिकणार म्हणून निघून गेला. क्रेव्हनने त्याला न जुमानता तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला आणि चार्न्ली परदेशी गेला असताना यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांत ते जेवढं झिजलं, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत होतं. नोव्हेंबरात नव्या प्लॅस्टिकची पहिली वाटी बसली. त्याच प्लॅस्टिकची सुधारलेली आवृत्ती माझ्यात आहे. मी काही वर्षं टेस्टिंगमध्ये काम केलंय. साहेबाने 'वेळ घालवू नकोस' म्हटल्यावर मागे टेस्ट चालू ठेवणारा माणूस मला साहेबापेक्षा जवळचा वाटतो. आजी म्हणाल्या, "म्हणजे मागावरचं चाक होय तुझ्यात!"

•

मेच्या शेवटच्या आठवड्यात स्थळ आलं. मुलगा आयटीतला, माणसं चांगली. पत्रिका आधीच जुळली होती. आईने फोनवर 'फ्रॅक्चर झालं होतं, आता बरी आहे' असं सांगितलं होतं.

खुर्च्या मांडलेल्या होत्या. पण मुलाची आई मनमोकळी निघाली. "आम्ही साधी माणसं, खालीच बसू," म्हणत तिने स्वतःच चटई ओढली. सगळे खाली बसले. मी दोन उश्या घातलेल्या उंच खुर्चीवर, मखरातल्या गणपतीसारखी. ती मला म्हणाली, "ये ना, इथे बस माझ्याजवळ." आई घाईने म्हणाली, "तिचा रॉड अजून..."

मुलाने अगदी साध्या काळजीने विचारलं, "रॉड कधी काढणार आहेत?"

याचं उत्तर तयार नव्हतं. आमच्या खोट्यात ही केस आम्ही धरलीच नव्हती. एखादी तारीख ठोकून देता आली असती. पण मग त्या तारखेनंतर काय? लग्न झाल्यावर एक दिवस त्याला एक्स-रे दाखवायचा?

"काढणार नाहीत," मी म्हटलं. "रॉड नाहीये. खुबा बदललाय."

पंख्याचा आवाज येत होता. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे कायमचं?" आणि मग मी जी सुरू झाले ती थांबेना. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलंय, बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. माझं वय बघता पुढे कधीतरी परत ऑपरेशन लागेलच. डाव्या बाजूचं अजून सांगता येत नाही. मुलाच्या मावशीने जरा आवाज खाली आणून मुलाबाळांचं विचारलं. त्याला या खुब्याची आडकाठी नसते, हेही सांगितलं. क्लायंटला समजावतात तसं सगळं. त्यांनी पोहे खाल्ले, कोकम सरबत घेतलं, नमस्कार करून गेले. मुलगा दारात थांबून "काळजी घ्या" म्हणाला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा वाडीतच जास्त वेळ राहिले. तिसऱ्या रात्री निरोप येऊन गेल्यावर ती नेलकटर घेऊन माझ्या पायाशी बसली. बोलणं बंद असलं तरी नखांचा वार ठरलेला होता. अंगठा झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, "तू ऑक्सिजनवर होतीस तेव्हा मी देवाला एवढंच म्हणत होते, मुलगी परत दे. कशी परत दे ते सांगायचं राहूनच गेलं." मग म्हणाली, "हलू नकोस, लागेल."

मी हलले नाही.

•

गावात बातमी पसरायला अर्धा दिवस लागला. मला भीती होती ती कुजबुजीची. ती झालीही असेल, माझ्या कानावर आली नाही. झालं ते वेगळंच : पुढच्या आठवड्यात चार जण आपापले एक्स-रे घेऊन आले. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सगळे माझ्याकडे बघत बसायचे.

त्यात एक शेजारच्या गावची ताई होती. वय चौतीस, शिवणकाम करते. तिलाही कोविड होऊन गेलेला, इंजेक्शनं घेतलेली, आता मशीन चालवताना जांघेत कळ येते. एक्स-रे स्वच्छ. कंबर भरली म्हणून तेल लावत होती. ती जांघेवर नेमका कुठे हात ठेवते ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मी तिला एकच सांगितलं, एमआरआय कर, आजच ठरव. ती नवऱ्याबरोबर पनवेलला जाऊन करून आली. दोन्ही बाजूंना होतं, पण खचलेलं नव्हतं. औषधं सुरू झाली. ती मला फोन करून आभार मानत होती आणि मी हिशेब करत होते की मार्चपासून मी 'रॉड, रॉड' करत होते, तेवढे तीन महिने हिचं मशीन चालू होतं.

ऑफिसातही खरं सांगितलं. सहकाऱ्यांनी लगेच अँडी मरेच्या बातम्या पाठवल्या. जानेवारी २०१९मध्ये त्याच्या खुब्यावर धातूची टोपी बसवली आणि ऑक्टोबरात तो अँटवर्पची स्पर्धा जिंकला. त्याचं ऑपरेशन वेगळं, आणि मी आधीही टेनिस खेळत नव्हते. पण 'परत पहिल्यासारखी हो' असं सगळ्यांना मनापासून वाटत असतं, आणि त्यात आपण कुठल्या 'पहिल्या'बद्दल बोलतोय हे कुणी विचारत नाही. मला विहिरीत उडी मारायला आवडायचं. आमच्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकतात, मीही तशीच शिकले. आता पोहायला पूर्ण परवानगी आहे, उडीला नाही. पळणं नाही, उकिडवं बसणं नाही, मांडीही माझ्या सर्जननी टाळायलाच सांगितलीय. चालणं हवं तेवढं, सायकल चालते. ऑगस्टअखेर गणपती आले तोवर काठी सुटली होती. गौरीच्या रात्री मला वाटलं बाजूला बसून टाळ्या वाजवायच्या. आजींनी फर्मान काढलं, "फुगडी नाही. फेर धर." फेर धरला. दोन गाण्यांनंतर उजवी बाजू थकली आणि मी आपण होऊन बाहेर आले. त्या रात्री शीटमध्ये 'फेर : २' लिहिलं. ती शेवटची नोंद. पुढे शीट उघडायचंच राहिलं.

पुण्याला परत गेले तर ऑफिसात नवीन बीनबॅग आलेल्या. मॉलच्या दारात कधी कधी यंत्र वाजतं. डाव्या बाजूचे आजपर्यंत पाच एमआरआय झाले. आहे तसं आहे. एमआरआयच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही.

•

त्या वर्षी नोव्हेंबरात सुट्टीला बोर्लीला गेले तेव्हा आजींनी विचारलं, "मला समुद्रावर नेशील?" दिवेआगरचा किनारा आमच्यापासून चार-पाच किलोमीटर, आणि त्या आठ वर्षांत तिथे गेल्या नव्हत्या. गुडघे केल्यावर मुलाने सांगितलं होतं, वाळूत पाय फसेल, पडशील. ते बरोबरच होतं, पण मग कुणी परत विचारलं नाही.

मिनिडोरच्या पायरीवर त्यांना चढवायला पाच मिनिटं लागली. ड्रायव्हर काही बोलला नाही. मागे बसलेल्या दोन बायका बरंच बोलल्या. सुरूच्या बनातून बाहेर आल्यावर कोरडी वाळू लागते, ती वाईट. टाच आत जाते आणि गुडघा, खुबा सगळंच डगमगतं. आम्ही एकमेकींचा दंड धरून, तिरक्या, खेकड्यासारख्या उतरलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर आल्यावर पाय घट्ट टेकले. आजींनी चपला काढायला लावल्या. त्यांच्या चपला मी त्यांच्याच चिमट्याने उचलल्या. तो पिशवीत आणला होता.

चालताना माझ्या लक्षात आलं की आजी काठी डाव्या हातात धरतात. डावा गुडघा त्यांचा अजून कुरकुरतो. आठ महिने मी त्यांच्याबरोबर व्यायाम केला, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी थांबवलं, काठी उजव्या हातात दिली. त्यांना ते उलटंच वाटलं. दहा पावलं अडखळल्या, मग जरा बरं जमायला लागलं. टेकू, भार, बल, सगळं मी त्यांना लाटांच्या आवाजात ओरडून सांगितलं. त्या हं हं म्हणत चालत राहिल्या. ऐकतायत की नाही कळेना.

परत येताना शहाळीवाल्याजवळ थांबलो. त्याने शहाळं सोलता सोलता आजींच्या पायाकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

"आजी, डावा पाय दुखतो ना? मग काठी डाव्या हातात घ्यायची. चुकीच्या हातात धरलीत."

आजींनी शहाळं घेतलं नाही. काठी वाळूत रोवली.

"कोयता ठेव आधी खाली," त्या म्हणाल्या. "तरफ म्हणजे काय, शाळेत शिकलास काय रे?"